अमेरिकेचं यादवी युद्ध: युद्ध पूर्वेला झालं, मग धडा पश्चिमेपासून का सुरू होतो?

खारेगाव_अभ्यासिका

नमस्कार मंडळी. मी कळव्याला खारेगावात राहते. यूपीएससीची तयारी करतेय, माध्यम मराठी. रोज आठ ते तीन नौपाड्यातल्या अभ्यासिकेत बसते. अमेरिकेचं यादवी युद्ध (१८६१-६५, उत्तरेची राज्यं विरुद्ध फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं) तीन पुस्तकांतून वाचलं आणि तीन कारणं हाती लागली. एक म्हणतं गुलामगिरी, दुसरं म्हणतं राज्यांचे हक्क, तिसरं म्हणतं उत्तरेच्या कारखान्यांसाठी लावलेली जकात. परीक्षेत तिन्ही लिहून मोकळं होता येईल, पण मला खरं काय ते समजून घ्यायचंय.

माझी अडचण नकाशावरून सुरू झाली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी अमेरिका काढली. १८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला घेतलेला लुइझियानाचा पट्टा हिरवा, १८४५ चं टेक्सस पिवळं, १८४८ मध्ये मेक्सिकोकडून घेतलेला मुलूख केशरी. मग त्यावर लढायांचे ठिपके दिले: अँटिटम, गेटिसबर्ग, रिचमंड, अटलांटा. जवळपास सगळे ठिपके उजवीकडे पडले आणि रंग सगळे डावीकडे राहिले. मग प्रत्येक पुस्तकात 'पश्चिमविस्तार' हे प्रकरण युद्धाच्या आधी का असतं? या दोघांचा नेमका संबंध काय?

दुसरा प्रश्न त्याहून जास्त छळतोय. १८६५ मध्ये गुलामगिरी गेली, १८७० मध्ये घटनादुरुस्तीने काळ्या पुरुषांना मताचा हक्कही मिळाला. तरी मतदानाचा हक्क खरोखर बजावता यावा म्हणून १९६५ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. मधली पंचाण्णव वर्षं कुठे गेली?

ज्यांनी हे मनापासून वाचलंय त्यांनी सांगा, प्लीज. लिंक नकोत, समजावून सांगा.

कोपरी_कट्टा

आम्ही एम.ए.ला शिकलो तेव्हा सर स्पष्ट सांगायचे की मूळ भांडण राज्यांच्या हक्कांचं. केंद्राने किती ढवळाढवळ करायची हा वाद. दक्षिण शेतीप्रधान, उत्तर कारखानदार, त्यामुळे जकातीवरून तेढ. गुलामगिरीचा मुद्दा लिंकनने युद्ध सुरू झाल्यावर पुढे आणला. १८६२ च्या ऑगस्टमध्ये त्याने एका संपादकाला जाहीर पत्र लिहून सांगितलं होतं की माझा हेतू संघराज्य वाचवण्याचा आहे, गुलामगिरी ठेवणं किंवा मोडणं हा नाही. हे पत्र उत्तरात टाका, परीक्षक खूश होतो.

ब्रेकव्हॅन

ताई, तुमच्या नकाशात एक गोष्ट काढायची राहिलीय. रेल्वेचे रूळ. ते काढले की डावी बाजू आणि उजवी बाजू जोडली जाईल.

मी मध्य रेल्वेत मालगाडीचा गार्ड होतो. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. नोकरीची बरीच वर्षं कल्याण–इगतपुरी पट्ट्यात गेली. कसाऱ्याला मागून बँकर (ढकलणारी जादा इंजिनं) लागायचे आणि गाडी थळ घाटाच्या एकास सदतीसच्या चढाला लागायची. परतीच्या गाडीत जळगाव-अकोल्याकडचा माल असायचा, त्यात कधी कापसाच्या गाठी. गाठींची वाघीण (मालडबा) असली की गार्डने डोळ्यांइतकंच नाकही उघडं ठेवायचं असतं. एकदा कसाऱ्याला उभे असताना दाराच्या फटीतून चिंधी जळल्यासारखा वास आला. दार उघडलं, पाणी मारलं, वरचा कापूस काळा पडून विझला. तासाभराने सहज शेजारच्या गाठीवर हात ठेवला तर तव्यासारखी तापलेली. दाबून बांधलेल्या गाठीत ज्वाळा दिसत नाही, आत धुमसत राहतं. शेवटी गाठी खाली उतरवून, पट्ट्या तोडून, एकेक उकलून भिजवल्या तेव्हा काम संपलं. अमेरिकेत १८२० ते १८६० या चाळीस वर्षांत हेच झालं, फक्त गाठी उकलायला कोणी तयार नव्हतं. म्हणून हे आधी लिहिलं.

आता क्रमाने. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी वेगळी करायचं यंत्र केलं, तेच आपलं जिन. त्याआधी आखूड धाग्याच्या कापसातून हाताने सरकी काढण्यातच माणसाचा दिवस जायचा, त्यामुळे तो पिकवणं परवडत नव्हतं. जिन आलं आणि दक्षिणेतला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना हवा तितका मिळू लागला. पण त्याच रानात वर्षानुवर्षं कापूस घेतला की रान थकतं, हे वऱ्हाडातल्या कुणालाही विचारा. मळेवाले पश्चिमेला सरकले. जॉर्जियातून अलाबामा, तिथून मिसिसिपी, मग टेक्सस. त्या जमिनींवर चेरोकी, चॉक्टॉ, क्रीक लोक राहत होते. १८३० मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने त्यांना हलवण्याचा कायदा केला आणि १८३८-३९ च्या थंडीत सुमारे सोळा हजार चेरोकींना मिसिसिपीपलीकडे पायी नेलं, त्यातले चारेक हजार मेले. रिकाम्या केलेल्या जमिनीत कापूस पेरायला व्हर्जिनिया-मेरीलँडकडून गुलाम नेले. १७९० ते १८६० या काळात असे सुमारे दहा लाख लोक आतल्या आत विकले किंवा हलवले गेले. आई एका राज्यात, लेकरू दुसऱ्या राज्यात. पश्चिमविस्तार आणि गुलामगिरी असे दोन वेगळे धडे नाहीत, ताई. ते एकाच धड्याचे दोन परिच्छेद आहेत.

मग भांडण कुठे? सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात. राज्य लहान असो की मोठं, प्रत्येकाला दोन जागा. नवं राज्य गुलामगिरीचं झालं तर दक्षिणेचं पारडं जड, मुक्त झालं तर उत्तरेचं. म्हणून पश्चिमेकडचा प्रत्येक बिघा हा सिनेटमधल्या मताचा बिघा. १८२० मध्ये तोड काढली: मिझुरी गुलामगिरीचं राज्य, मेन मुक्त, आणि लुइझियानाच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटांच्या रेघेच्या वर गुलामगिरी नाही. माजी अध्यक्ष, म्हातारा जेफरसन तेव्हा हयात होता. त्याने पत्रात लिहिलं की ही बातमी मला मध्यरात्री वाजलेल्या आगीच्या घंटेसारखी वाटली. वरून विझलं, आत धुमसत राहिलं.

१८४८ मध्ये मेक्सिकोचा मुलूख हाती आला. त्याच वर्षी जानेवारीत कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. १८५० मध्ये कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून आत घेतलं आणि दक्षिणेची समजूत काढायला पळालेले गुलाम पकडून देण्याचा कडक कायदा केला. आणि आता रूळ. कॅलिफोर्नियापर्यंत रेल्वे न्यायची हे सगळ्यांना मान्य, पण कुठून? जेफरसन डेव्हिस, जो पुढे बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष झाला, तो तेव्हा केंद्रात युद्धमंत्री होता. त्याला दक्षिणेतून मार्ग हवा होता. डोंगर टाळून रूळ टाकता यावेत म्हणून १८५३ च्या अखेरीस मेक्सिकोशी करार करून एक पट्टा घ्यायचं ठरलं, पुढे त्याची किंमत एक कोटी डॉलर ठरली. साल लक्षात ठेवा, त्याच १८५३ च्या १६ एप्रिलला आपली बोरीबंदर–ठाणे गाडी धावली.

इलिनॉयचा सिनेटर स्टीफन डग्लस याला मार्ग शिकागोहून हवा होता. तो कॅन्सस-नेब्रास्काच्या मोकळ्या मुलखातून जाणार, म्हणजे तिथे आधी रीतसर सरकार पाहिजे. त्याला दक्षिणेची मतं लागत होती. ती मिळवायला त्याने १८५४ मध्ये १८२० ची रेघ पुसून टाकली: गुलामगिरी ठेवायची की नाही हे तिथे राहणाऱ्यांनीच मतदानाने ठरवावं. ऐकायला किती न्याय्य! प्रत्यक्षात दोन्हीकडची माणसं बंदुका घेऊन मतदानाला कॅन्ससमध्ये घुसली. यादवी युद्धाचं पहिलं रक्त १८६१ मध्ये नाही, १८५५-५६ मध्ये कॅन्ससमध्ये सांडलं, आणि ते तुमच्या नकाशाच्या मधोमध आहे. तिथे एक ठिपका द्या. तिथे गुलामगिरीविरुद्ध लढलेला जॉन ब्राऊन १८५९ मध्ये व्हर्जिनियात हार्पर्स फेरीला शस्त्रागारावर चालून गेला आणि फाशी गेला.

त्याआधी १८५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात निकाल दिला की काळा माणूस देशाचा नागरिक होऊच शकत नाही आणि नव्या मुलखात गुलामगिरीला बंदी करण्याचा काँग्रेसला (तिथल्या संसदेला) अधिकार नाही. मग तोड काढायला जागाच उरली नाही. १८६० मध्ये लिंकन निवडून आला. त्याचा जाहीरनामा काय होता? जिथे गुलामगिरी आहे तिथे आम्ही हात लावणार नाही, नव्या मुलखात मात्र जाऊ देणार नाही. एवढंच. दक्षिण त्यावर फुटली. लढाई पूर्वेला झाली कारण माणसं, राजधान्या आणि रूळ तिथे होते. वाद मात्र तुमच्या केशरी रंगाचा होता.

कोपरीकर, तुमच्या सरांचा मान ठेवून सांगतो, ते पत्र खरं आहे, पण ते उत्तर का लढली याचं उत्तर आहे. दक्षिण का फुटली हे दक्षिणेनेच लिहून ठेवलंय. मिसिसिपीने जानेवारी १८६१ मध्ये फुटण्याची कारणं जाहीर केली, त्यात सुरुवातीलाच म्हटलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. साउथ कॅरोलायनाची तक्रार तर अशी की उत्तरेतली राज्यं पळालेले गुलाम परत देत नाहीत, स्वतःचे कायदे करून अडवतात. म्हणजे तिथे राज्यांचे हक्क वापरत होती उत्तर, आणि केंद्राचा दंडुका मागत होती दक्षिण! जकातीचं म्हणाल तर १८५७ ची जकात कमीच होती. वाढीव जकात १८६१ च्या मार्चमध्ये मंजूर झाली, तोवर सात राज्यं बाहेर पडली होती. आणि ते संपादकाला लिहिलेलं पत्र गेलं तेव्हा गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिंकनने मंत्रिमंडळाला वाचून दाखवलेला होता, विजयाची वाट बघत तो थांबवला होता. सप्टेंबरात अँटिटम झालं आणि १ जानेवारी १८६३ ला जाहीरनामा लागू झाला. त्यानंतर सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले.

युद्धाबद्दल इथे फार लिहीत नाही, तुम्हाला लढाया पाठ असतील. फक्त रेल्वेवाल्याने सांगायचं ते सांगतो. दक्षिणेच्या बऱ्याच रुळांचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) पाच फूट होतं, उत्तरेत बहुतेक चार फूट साडेआठ इंच, आणि दक्षिणेतही कंपनीगणिक फरक. एका लाइनची गाडी दुसरीवर जाईना, माल उतरवा, बैलगाडीत घाला, पुन्हा चढवा. सैनिक उपाशी आणि मका स्टेशनात कुजतोय असे प्रसंग घडले. १८६४ मध्ये उत्तरेचा सेनापती शर्मन याचं सैन्य जॉर्जियातून समुद्राकडे निघालं तेव्हा त्यांची रूळ मोडायची पद्धत ठरलेली होती. रांगेत उभं राहून अख्खा रूळ स्लीपरसकट (खालच्या लाकडी आडव्या ओंडक्यांसकट) उचलून उलटायचा. स्लीपर सुटे करून त्यांची चिता रचायची, रूळ तिच्यावर आडवे ठेवायचे. मधोमध लाल झाले की दोन टोकांना माणसं धरून झाडाच्या बुंध्याभोवती पिळायची. नुसता वाकवलेला रूळ ठोकून सरळ होतो, पिळलेला होत नाही. ज्याने आयुष्यभर रुळावर पोट भरलं त्याला हे वाचताना पोटात कालवतं, जरी ते सैन्य योग्य बाजूला लढत होतं.

आणि आपला घाट. युद्धामुळे दक्षिणेची बंदरं अडवली गेली, लँकेशायरला कापूस मिळेना. १८६१ मध्ये वीस लाखांवर गाठी अमेरिकेतून ब्रिटनला गेल्या होत्या, १८६२ मध्ये पंचावन्न हजार. सगळे मुंबईकडे वळले. मुंबईत सोन्याचा पाऊस पडला, समुद्र भरून जमीन करायच्या कंपनीचे पाच हजारांचे शेअर पन्नास हजारांपर्यंत गेले. कापूस खानदेशातून बैलगाड्यांनी घाट उतरत होता. थळ घाटाची लाइन चालू झाली १ जानेवारी १८६५ ला. आणि ९ एप्रिलला अॅपोमॅटॉक्सला दक्षिणेचा सेनापती जनरल ली याने शरणागती दिली. आमची रेल्वे घाट चढून वर पोहोचते न पोहोचते तोच कापसाचे भाव उतरायला लागले. मुंबईत बँका बुडाल्या. पुढे नगर-पुण्यात काय झालं ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं मला जेवढं कळतं त्यापेक्षा चांगलं सांगणारं इथे कुणीतरी असेल. दोन ओळी नंतर मीही लिहीन.

खारेगाव_अभ्यासिका

काका (काका म्हणू ना?), कॅन्ससचा ठिपका दिला. मग तिथून शिकागोपर्यंत पेन्सिलने रूळ काढला आणि एकदम डोळे उघडल्यासारखं झालं. मला कोणीच सांगितलं नव्हतं की १८५४ चा कायदा रेल्वेच्या मार्गावरून निघाला. माझ्या खोलीच्या खिडकीतून कळव्याच्या कारशेडकडे जाणाऱ्या गाड्या दिसतात, रोज बघते.

नगर-पुणे म्हणजे १८७५ चे दख्खनचे दंगे ना? सुप्याला सुरुवात झाली ते? ते मी भारताच्या इतिहासात केलं होतं, सावकारांच्या वह्या जाळल्या वगैरे. पण त्याचा अमेरिकेशी संबंध आहे हे माझ्या नोट्समध्ये नाही.

वाशी_पामबीच

तोच संबंध आहे. तेजीत सावकार आपणहून शेतकऱ्याला पैसे देत होते, कापूस लावलेल्या दर एकराला शंभर रुपयेसुद्धा उचल मिळायची. १८६५ नंतर मागणी बसली, सावकाराने हात आखडला, जुनी बाकी मागायला लागला. त्याच सुमारास सरकारने फेरपाहणी करून शेतसारा भरमसाट वाढवला. दहा वर्षांत गळ्यापर्यंत आलं आणि १८७५ च्या मे महिन्यात सुप्यात लोकांनी कर्जखतं जाळली. भारताच्या आणि जगाच्या नोट्स एकाच वहीत काढ, मी दोन वह्या केल्या आणि नंतर पस्तावलो.

शहापूर_शिक्षिका

दुसऱ्या प्रश्नावर मी लिहिते. मी शहापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वर्गात निम्म्याहून जास्त मुलं वारली, ठाकूर, कातकरी घरांतली. हा विषय मला अमेरिकेचा वाटतच नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

१२ जानेवारी १८६५. जॉर्जियातलं सव्हाना शहर नुकतंच उत्तरेने घेतलेलं. जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्यांच्या वतीने बोलले गॅरिसन फ्रेझर, वय सदुसष्ट. त्यांनी आठ वर्षांपूर्वी सोन्या-चांदीत हजार डॉलर मोजून स्वतःची आणि बायकोची सुटका विकत घेतली होती. म्हणजे स्वतःची किंमत स्वतः भरलेला माणूस. त्यांनी काय मागितलं? शिक्षण नाही, मदत नाही. ते म्हणाले, आम्हाला जमीन द्या, ती आम्ही, बायका-मुलं-म्हातारे सगळे मिळून, आमच्या कष्टाने कसू, त्यातच आमचं भागवू.

चार दिवसांनी शर्मनने हुकूम काढला. साउथ कॅरोलायना ते फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीत प्रत्येक कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत जमीन. जूनपर्यंत सुमारे चाळीस हजार माणसं तिथे जाऊन पेरणीला लागली. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला. अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाले आणि त्यांनी बंडखोर मळेवाल्यांना माफी देऊन जमिनी परत द्यायला सुरुवात केली. मुक्त झालेल्यांसाठी नेमलेल्या खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड ऑक्टोबरात एडिस्टो बेटावर गेले. एका चर्चमध्ये लोक जमले होते. ज्यांना मदत करायला आपलं खातं उभं राहिलंय, त्यांनाच जमीन सोडायला सांगायची पाळी त्यांच्यावर आली. लोकांनी नंतर त्यांना लेखी अर्ज पाठवला. एवढी वर्षं या मातीत आम्ही राबलो आणि जमीन ज्यांनी बंड केलं त्यांना, असा त्याचा आशय आहे. नव्याने मोकळ्या झालेल्या माणसांनी इतक्या नेमक्या शब्दांत लिहिलेला अर्ज मी दुसरा वाचलेला नाही.

जमीन गेली की काय उरतं? वाटा. जमीन मालकाची, कष्ट तुमचे, पीक अर्धं-अर्धं. बी, खत, मीठ, कापड दुकानातून उधार, आणि ती उधारी पिकावर चढलेली. हंगामाच्या शेवटी हिशेब मालक किंवा दुकानदार करणार आणि दर वर्षी थोडंसं देणं शिल्लकच निघणार. देणं फिटेपर्यंत सोडून जायचं नाही. आपल्या ठाणे जिल्ह्यात याला लग्नगडी म्हणत होते. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं, ते कधी फिटतच नसत. १९४५ मध्ये तलासरी-उंबरगावकडच्या वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने ते मोडलं. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या पणजोबांच्या नावापुढे घरात अजून 'गडी' लावतात. तिने मला विचारलं, बाई, गडी म्हणजे आडनाव का? मी तिला खरं ते सांगितलं.

कायद्याच्या बाजूने बघ. १८६५ ची तेरावी दुरुस्ती गुलामगिरी बंद करते, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल असं तिच्यातच लिहिलंय. दक्षिणेच्या राज्यांनी लगेच कायदे केले: काळा माणूस कामाच्या कराराशिवाय फिरताना दिसला तर तो भटक्या, त्याला दंड, दंड भरता आला नाही तर मजुरी. कैदी ठेकेदाराला भाड्याने द्यायची पद्धत निघाली. चौदावी दुरुस्ती १८६८ ची, नागरिकत्व आणि समान संरक्षण. पंधरावी १८७० ची, मताचा हक्क. काही वर्षं खरोखर फुलली. १८७० मध्ये मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हा काळा माणूस सिनेटमध्ये बसला, शाळा निघाल्या, म्हातारी माणसं नातवंडांशेजारी बसून अक्षरं गिरवू लागली. त्यावर रात्री तोंडं झाकून घोड्यांवरून येणारी माणसं, खून, जाळपोळ. केंद्राचं सैन्य होतं तोवर थोडा धाक होता. १८७६ ची अध्यक्षपदाची निवडणूक वादात अडकली, १८७७ मध्ये तडजोड झाली, हेज अध्यक्ष झाले आणि उरलेलं सैन्य दक्षिणेतल्या राज्यांच्या राजधान्यांतून काढून घेतलं. पुढे मतदानावर कर, वाचनाच्या परीक्षा, आणि १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्लेसीच्या खटल्यात रेल्वेत काळ्या-गोऱ्यांचे वेगळे डबे मान्य केले. तुझी पंचाण्णव वर्षं अशी गेली.

फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, गुलामांना मुक्त केलं म्हणून. पुण्यातल्या माणसाला इतक्या लांबून ती मुक्ती आपली वाटली. मला ती अर्पणपत्रिका वाचताना भरून येतं, आणि त्याच वर्षी तिकडे काय चाललं होतं ते आठवून छातीत दुखतंही. लुइझियानात कोलफॅक्सला १८७३ च्या ईस्टरच्या दिवशी निवडणुकीच्या वादातून अनेक काळ्या माणसांना मारलं, त्यातल्या बऱ्याच जणांना शरण आल्यानंतर.

आणि पश्चिमेकडे परत जा. काका, तुम्ही चेरोकींचं लिहिलंत म्हणून बरं वाटलं. १८६२ मध्येच लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली, पाच वर्षं कसली तर १६० एकर तुमची. गोऱ्यांना फुकट जमीन मिळू शकली, चाळीस हजार मुक्त माणसांना दिलेली परत घेतली. आणि ती १६० एकर कुणाची होती? त्याच वर्षी मिनेसोटात उपासमारीने डकोटा लोक उठले, २६ डिसेंबरला अडतीस जणांना एकाच वेळी फाशी दिली. लिंकनने तीनशेवर शिक्षांपैकी बहुतेक रोखल्या, या अडतिसांवर मात्र सही केली. माझ्या मुलांना मी दोन्ही सांगते.

कोपरी_कट्टा

ब्रेकव्हॅन, मिसिसिपीच्या जाहीरनाम्याचं मला खरंच माहीत नव्हतं. आज दुपारी शोधून पूर्ण वाचला, पानभरच आहे. तुमचं बरोबर आहे. खारेगावकर, माझं उत्तर नका घेऊ, ते पत्र टाकलंत तर तारखेसकट आणि मसुद्याच्या उल्लेखासकट टाका.

ब्रेकव्हॅन

काका म्हण पोरी, माझी नात तुझ्याएवढी आहे.

बाईंनी लिहिलंय त्याला माझ्या दोन ओळी. कैदी भाड्याने देण्याबद्दल त्या म्हणाल्या. जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायनात त्या कैद्यांकडून रेल्वेची कामं करून घेतली. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातले बोगदे त्यांनी खणले, त्यात कित्येक दरड कोसळून, थंडीने, आजाराने मेले. भोर घाटात आणि थळ घाटात किती मजूर पटकीने मेले ते आठवतं. बोगद्यातून गाडी जाताना मी दिवा बाहेर धरून भिंतीकडे बघायचो. छिन्नीच्या खुणा अजून दिसतात.

दुसरं, १८७७. ज्या हेजने दक्षिणेतलं सैन्य मागे घेतलं, त्यानेच त्याच वर्षी जुलैत रेल्वे कामगारांच्या संपावर सैन्य पाठवलं. संप वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला मजुरी कापल्यावरून सुरू झाला होता. सैन्य नव्हतं असं नाही. ते कुणासाठी उभं करायचं ते ठरलेलं होतं. माझे वडील १९७४ च्या मे महिन्यातल्या संपात होते, म्हणून हे साल माझ्या डोक्यातून जात नाही.

पश्चिमेची रेल्वे शेवटी लिंकनच्याच सहीने, १ जुलै १८६२ ला मंजूर झाली. दक्षिणेचे खासदार निघून गेल्यामुळे मार्गावर भांडायलाच कोणी उरलं नव्हतं! कॅलिफोर्नियाकडच्या बाजूला हजारो चिनी मजुरांनी सिएरा नेवाडाचे ग्रॅनाइट फोडले. १० मे १८६९ ला युटातल्या प्रोमोंटरीला रूळ जुळले. आणि दक्षिणेचं पाच फुटी गेज? ते १८८६ मध्ये ३१ मे आणि १ जून अशा दोन दिवसांत बदललं. हजारो मैल. आधीच आतल्या बाजूला नवे खिळे ठोकून ठेवलेले, ठरलेल्या पहाटे एका बाजूचा रूळ सोडवून तीन इंच आत सरकवला. हे काम मी बघायला हवं होतं.

खारेगाव_अभ्यासिका

काल रात्री सगळं पुन्हा वाचलं आणि अडीचशे शब्दांत उत्तर लिहून बघितलं. सुरुवात कॅन्ससपासून केली, कारणांत गुलामगिरीचा पश्चिमेकडचा विस्तार हे मूळ ठेवलं, राज्यांचे हक्क आणि जकात त्याखाली. शेवटच्या परिच्छेदातलं एक वाक्य असं आहे: "जानेवारी १८६५ मध्ये मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत जमिनीची मालकी देण्यात आली, परंतु त्याच वर्षी ती काढून घेण्यात आली." बाई, हे बरोबर आहे का?

शहापूर_शिक्षिका

'मालकी' खोड. शर्मनच्या हुकुमाने ताबा दिला होता, मालकी काँग्रेसने कायदा करून द्यायची होती, ती दिली नाही. म्हणून तर अध्यक्षाच्या एका सहीने जमीन परत घेता आली. माझ्या शाळेतल्या पालकांना विचारशील तर ते हा फरक एका वाक्यात सांगतील: जमीन आज्याच्या काळापासून आम्ही कसतो, सातबाऱ्यावर नाव नाही. 'ताबा' लिही. आणि अडीचशे शब्दांत बसलं तर गॅरिसन फ्रेझरचं नाव लिही.